मेलेल्या अळीचा नमुना

चहा येईस्तोवर हे ऐका. कापसानं दगा दिला म्हणून दारव्ह्याकडच्या गणपतरावांनी वांगी लावली. चारदा फवारूनही अळी मरेना, अख्खं पीक पोखरलं जाऊ लागलं, तेव्हा ते डबीत जिवंत अळ्या घेऊन आमच्या कृषी कार्यालयात आले. मी तिथं कारकून होतो.

साहेब म्हणाले, "औषधाच्या तक्रारीला मेलेला नमुना जोडावा लागतो."

"साहेब, औषधानं मेली असती तं मी इथं कायले आलो असतो?"

"नियम आहे, गणपतराव."

गणपतरावांनी एक अळी टेबलावर काढली आन् चपलेनं चिरडली. "घ्या, मेली."

साहेबांनी शेरा सांगितला, मी तो सुवाच्य अक्षरात लिहिला: "नमुन्यातील अळी मृत आढळली. सबब औषध परिणामकारक असून तक्रार निकाली काढण्यात येत आहे."