ब्रेकजवळचा पांढरा चुरा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, म्हणजे आमच्या गॅरेजचे मालक, प्रमुख पाहुण्या डॉक्टरीणबाई, व्यासपीठावर दाटीवाटीनं बसलेले मान्यवर आणि खाली ऐसपैस बसलेले माझे सगळे बंधुभगिनी, तुम्हां सर्वांना नमस्कार.

माझी सून आज तीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त होतेय. सासूला सुनेबद्दल बोलायला सांगायचं, तेही माईकवर, म्हणजे मालकांची कमालच म्हणायची. हातातला कागद शोभेचा आहे. नातीनं हौसेनं लिहून दिला, पण मला अक्षरं येत नाहीत. तेव्हा कागद गप्प बसेल, मी बोलेन.

ही इथे मिस्त्री, पण या गॅरेजात मी हिच्याआधी आले. गाड्या आतून झाडायचं काम माझं. इथली शिस्तच तशी होती. गाडी दारात आली की आधी मी झाडणार, मग मिस्त्री हात लावणार. कचऱ्यात वाकलेला मिस्त्री मालकांना खपायचा नाही.

चौदा वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाईंची गाडी आली. तिला क्रूझ कंट्रोल होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मलाही ऐकून ऐकूनच पाठ झालंय. एकदा वेग ठरवून बटण दाबलं की पाय उचलला तरी गाडी तोच वेग धरून पळते. ब्रेकला पाय लागला की सोडून देते. घरातल्या माणसांना असं बटण का बसवत नाहीत, हे मी कितीदा विचारलं, पण कोण उत्तर देणार?

तर बाईंच्या गाडीत ते मधेच सुटायचं. जरा खड्डा लागला की गाडी ढेपाळली. सूनबाईनं स्टिअरिंगवरचं बटण बदललं. गाडी परत आली. वायर बदलली. गाडी परत आली. तिसऱ्या खेपेला मालक, आठवतंय ना मालक, हिला म्हणाले, "आता चौथ्यांदा आली तर हत्यारं खाली ठेव आणि काउंटरवर बस."

काउंटर वाईट नाही हो. पण या बाईनं लग्नानंतर पहिल्याच महिन्यात माझा मिक्सर खोलून टेबलावर मांडला होता, आणि परत जोडला तेव्हा तो आधीपेक्षा गुमान चालला. तिला दिवसभर फोन उचलायला बसवायचं? घरी तिच्यासमोर बसून माझ्या घशाखाली घास उतरला नसता.

त्या दुपारी आम्ही दोघी डबा खात होतो. ती चिवडत होती नुसती. मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "तुझ्या डॉक्टरीणबाई गाडीत काय खातात गं? दर खेपेला पांढरा चुरा."

"कुठे?"

"ब्रेकच्या खाली. बरोबर तिथेच."

"मऊ होता की कडक?"

"मी काय खाऊन बघितला? कडक होता. बोटात धरला की कट्कन मोडायचा."

डबा उघडा टाकून ती जी पळाली! मी पोचेपर्यंत डोकं ब्रेकपाशी आणि पाय सीटवर, अशी माझी सून गाडीत उलटी. आतून आवाज आला, "आई, मागे जा. लाल दिवे बघा. ब्रेक मी दाबलेला नाही."

तिनं पेडलला बाजूनं नुसती टिचकी मारली. दिवे लागले. विझले. पुन्हा लागले.

"लागतायत गं," मी म्हटलं, "भुतासारखे लागतायत."

भूत नव्हतं. पेडलच्या पट्टीत शर्टाच्या गुंडीएवढा प्लास्टिकचा तुकडा असतो. ब्रेकवर पाय नसला की ब्रेकचा स्विच त्यावर टेकून दाबलेला राहतो, पाय दिला की सुटतो. तो तुकडा जुना होऊन अर्धा भुगा झाला होता. खड्डा लागला की स्विच सुटायचा, गाडीला वाटायचं ब्रेक दाबला, आणि ती इमानानं वेग सोडून द्यायची.

नवा तुकडा बसला. चाचणीला मालक पुढे, मी हट्टानं मागे. सूनबाईनं बटण दाबलं, पाय मागे घेतला. पहिला खड्डा गेला. दुसरा गेला. काटा हलेना. मालकांनी दाराची कडी घट्ट धरलेली, मी मागून म्हणतेय, पळू दे, पळू दे. मग तिनं ब्रेकला हळूच पाय लावला, आणि गाडीनं वेग सोडला, जसा सोडायला हवा तसा. 

मालकांनी विचारलं, "एवढीशी गोष्ट पहिल्या दिवशी का नाही सापडली?"

मी तोंड उघडलं. तिनं आरशातून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "माझं लक्ष गेलं नाही."

काउंटर टळला. पण त्या वर्षी ती मुख्य मिस्त्री व्हायची होती, ते मालकांनी या चुकीपायी चार वर्षं लांबवलं. तिनं मागितलं एकच. यापुढे आधी मिस्त्री बघेल, मग गाडी झाडायची. मालकांनी तसा नियम केला आणि त्याबद्दल स्वतःची वाहवा करून घेतली.

मालक, तो चुरा पहिल्या दिवशी मी झाडून टाकला होता. दुसऱ्यांदाही मीच, तिसऱ्यांदाही मीच. तो तिथे राहिला असता तर हिला लगेच दिसला असता. ती चार वर्षं माझ्यामुळे गेली. तिनं घरीही कधी त्याचा उच्चार केला नाही, आणि माझी जीभ, जी एरवी कुणाचं ऐकत नाही, ती चौदा वर्षं गप्प बसली.

तुम्ही सगळ्यांनी एवढं ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर म्हातारीचं म्हणून सोडून द्या. झाडण्यात झालं ते तुमच्या हातात नाही, ते हिनं सोडायचं आहे. बघा, खुणेनं म्हणतेय, "आई, बसा आता."

बसत नाही. मालक, ते मानपत्र जरा बाजूला ठेवा. आधी आपण दोघं तिची माफी मागू. तुम्ही पुढे व्हा, मी काठी घेऊन आलेच.