अकरा सेकंद

बाई: या पत्रावर सही करणार नाही म्हणजे नाही. काय लिहिलंय वाचलंत का, हेडमास्तर? 'गणिताचं मूलभूत ज्ञान नाही.' सव्वीस वर्षं गणितच शिकवतेय मी!

हेडमास्तर: बाई, जरा शांत व्हा. कॉम्प्युटरवरचा तुमचा धडा सगळ्या तुकड्यांनी बघितला. उणे तीन गुणिले उणे चार, उत्तर उणे बारा. अक्षर तुमचं, आवाज तुमचा. दोनशे दहा पोरांनी चाचणीत तेच ठोकून दिलं. पालक खवळलेत. चौकशी समितीला कुणाचं तरी नाव हवं होतं.

बाई: आणि माझं आयतं सापडलं.

हेडमास्तर: सही केलीत तर लायब्ररीत बदली, बस्स. नाही केलीत तर घरी. चार वर्षं राहिलीत निवृत्तीला. कशाला हट्ट?

बाई: अहो, मी फळ्यावर मुद्दाम चूक करते, हे तुम्हाला सांगायचं मी? चूक करायची, खडू खाली ठेवायचा आणि गप्प उभं राहायचं. कुणीतरी ओरडतंच, 'बाई, चुकलं!' मग त्याच्याच हाताने पुसून घ्यायचं.

हेडमास्तर: पण समोर पोरं नव्हती. कॅमेरा होता.

बाई: सवय मेली! हात गेला तसाच. थांबले, वाट बघितली. रिकाम्या खोलीत कोण ओरडणार, कपाळ! मग मीच पुसलं, मीच समजावलं, अधिक बारा लिहिलं. तो भाग कुठे गेला? मशीनने गिळला?

हेडमास्तर: कापला.

बाई: कुणी?

हेडमास्तर: त्या कॉम्प्युटरवाल्याने. त्याला वाटलं, बाई अडकल्या. अकरा सेकंद नुसत्या उभ्या, पुढे परत तेच गणित. त्याने फोन करून विचारलंही होतं.

बाई: मला नाही आला फोन.

हेडमास्तर: मला केला होता.

बाई: मग?

हेडमास्तर: गडबडीत होतो. म्हटलं, दोनदा आलंय तर नंतरचं काढून टाक. धडा उघडून बघितलाच नाही मी.

बाई: हे समितीला सांगितलंत?

(हेडमास्तर टेबलावरचं पत्र उगाच सरळ करतात.)

बाई: अरे, तुला विचारतेय मी. सांगितलंस?

हेडमास्तर: बाई, या खुर्चीत बसून मला वर्षसुद्धा झालं नाही. घरी दोन मुली शिकतायत...

बाई: शेवटच्या बाकावर बसायचास माझ्या वर्गात. तोंडातून शब्द फुटायचा नाही. पहिल्यांदा कधी बोललास, आठवतं?

हेडमास्तर: आठवतं. हेच गणित होतं.

बाई: काय म्हणालास?

हेडमास्तर: 'बाई, चुकलं.'

बाई: सगळा वर्ग वळून बघत होता, तरी उठलास. घरी जाऊन कौतुकाने सांगितलं होतं मी तुझ्याबद्दल. आता हे पत्र तुझ्यापुढे आहे. त्यात काय चुकलंय, तुला ठाऊक आहे. मी काही बोलत नाही. ही उभी राहिले.

हेडमास्तर: ...

बाई: ...

हेडमास्तर: सही इथे करायची, बाई. खाली, तारखेच्या शेजारी.