जिन्याची वाटणी

...नाही, पण तुम्हीच सांगा, जिन्याच्या कठड्याला कधी मालक असतो का? आमच्याकडे आहे. एक नाही, चार आहेत. जो तो आपापल्या पायऱ्यांचा धनी आणि आपापल्या कठड्याचा. त्यातला मधला कठडा तर सध्या जागेवरच नाही, कारण तो ज्यांच्या वाट्याला आला त्यांनी कापून कुत्र्याच्या खोलीला फाटक केलं. आता हात कुठे धरायचा, असं विचारायला जावं तर म्हणतात, "माझा कठडा, माझा कुत्रा." बरोबरच आहे. सक्ती काही नाही बरं.

तुम्हाला सांगतो, मूळ सगळं त्या माझ्या मित्राचं. तळमजल्यावर राहतो. मित्र म्हणजे नुसता ओळखीचा नव्हे हो, लहानपणापासूनचा, माझ्या ताटात जेवलेला, माझ्या आईने ज्याला ताप आला की उशाशी बसून औषध पाजलं असा. कॉलेजात स्वातंत्र्यावर इतकं बोलायचा की पोरांनी नावच ठेवलं स्वतंत्रराव. त्याच्यावर पहिल्या मजल्याला नर्सबाई, कायमची रात्रपाळी. दुसऱ्याला कुत्रेवाले काका. आणि तिसऱ्याला आम्ही, म्हणजे मी, बायको आणि आई. चार घरं आणि चार तऱ्हा. पूर्वी आमची समिती होती. जिना कुणी झाडायचा, दिवा पिवळा की पांढरा, यावर दोन-दोन तास वाद, चहा गार, डोकी गरम. तर एका बैठकीत हा उठला आणि असा हात छातीवर ठेवून म्हणाला, "मित्रहो, भांडण का होतं? जिना सगळ्यांचा आहे म्हणून होतं. वाटून टाका. प्रत्येक जण आपल्या पायऱ्यांचा राजा. समिती नको, नियम नकोत, जे काय ठरवायचं ते आपसांत, राजीखुशीने. कुणाची कुणावर सक्ती नाही." आहाहा, काय बोलला हो. माझ्या अंगावर काटा आला. खडू घेऊन पायऱ्यांवर रेघा मी मारल्या, या हातांनी.

पहिला आठवडा मजेत गेला. मग नर्सबाई म्हणाल्या, "मी दिवसा झोपते. माझ्या पायऱ्यांवरून अनवाणी जायचं." ठीक आहे, दमतात बिचाऱ्या, चपला हातात घेतल्या. मग त्यांना कुत्र्याच्या नखांचा टकटक आवाज यायला लागला. काकांनी कुत्र्याला मोजे घातले... चारही पायांत. राजीखुशीने. पण काकाही राजेच ना? ते म्हणाले, "आमचा हा जिन्यात झोपला असेल तर उठवायचा नाही, तो आपणहून उठला की जा." आणि ते कुत्रं कसलं आळशी, मी ऑफिसची बॅग घेऊन त्याच्यासमोर उभा, ते एक डोळा उघडून मला बघतं आणि परत मिटतं. आणि स्वतंत्ररावांनी काय केलं? पहिल्या मजल्याच्या वळणावर, जिथून त्यांच्या पायऱ्या सुरू होतात तिथे, सरळ दार बसवलं. कडीकुलपासकट. सकाळी थोडा वेळ उघडणार, संध्याकाळी थोडा वेळ. मी म्हटलं, अरे हे काय? तर म्हणतो, "शांतता हवी मला. तुलाही हवी असेल तर तूही बसव ना दार." मी कुठे बसवू? माझ्यावर गच्ची. मी काय कावळ्यांना अडवू?

तेही चालवून घेतलं असतं हो. पण आई न्हाणीघरात घसरली. खुब्याचं ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "आजींना रोज जिना उतरवायचा, अंगणात चालवायचं, परत चढवायचं. कंटाळा केलात तर पाय आखडेल तो कायमचा." आता झाली का पंचाईत? मध्ये कठडा नाही, तिला रबरी तळव्याचे बूट घालायलाच हवेत, कुत्रं आडवं, आणि ती औषधं घेऊन उभी राहीपर्यंत खालचं दार बंद.

गेलो मित्राकडे. म्हटलं, बाबा रे, आईसाठी एक किल्ली दे. तो सोफ्यावर रेलून मला काय सांगतो? "देईन ना. पण काकूंनी स्वतः येऊन मागायला हवी. तू त्यांच्या वतीने कसा बोलतोस? त्या स्वतंत्र व्यक्ती आहेत." मी म्हटलं, अरे, ती येणार कशी, मध्ये तुझंच दार आहे. तर खांदे उडवून म्हणतो, "तो व्यवहारातला प्रश्न झाला. मी तत्त्वाचं बोलतोय. सक्ती काही नाही बरं." इतक्या वर्षांची मैत्री, आणि आज कळलं की याच्या तत्त्वातली माणसं सगळी तरणी, ठणठणीत आणि तळमजल्यावर राहणारी.

घरी येऊन आईला सगळं समजावलं. हक्क, हिस्से, करार, सगळं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे आता उतरायचं की नाही?" आणि बूट घालून, काठी घेऊन, निघालीच. मी मागे. दुसऱ्या मजल्यावर नुसती म्हणाली, "अहो कुत्रेवाले, हात द्या जरा." काका धावत आले. कठडा नाही म्हणून स्वतः कठड्यासारखे उभे राहिले. कुत्रं उठलं, बाजूला सरकलं, शेपटी हलवली. पुढे नर्सबाई डोळे चोळत दारात. म्हटलं, आता बुटांवरून ऐकायला लागणार. तर त्या आईचा दंड धरून म्हणतात, "दुखरा पाय आधी खाली टाका आजी. आणि बूट राहू देत, घसराल."

मग ते दार. आईने काठीने दोनदा ठोकलं. "ए बाळ्या, दार उघड."

आता हा हुकूम झाला की नाही? शुद्ध सक्ती. आणि आमचे स्वतंत्रराव अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून पळत वर आले. "काकू, या ना, सावकाश." मी तिच्या मागून पाऊल टाकतो तर मध्ये हात घातला. "तुझी वेळ संपली." म्हटलं, आणि आई? तर म्हणतो, "काकूंनी हे तत्त्व कधी मान्यच केलं नव्हतं. तू केलंयस." मागे वळून बघतो तर नर्सबाई माझ्या बुटांकडे बघताहेत आणि वर कुत्रं परत आडवं झालंय. म्हणजे अख्ख्या इमारतीत हे स्वातंत्र्य उरलं कुणाला, तर एकट्या मला.

तेव्हापासून रोज सकाळी आई मला खाली सोडायला येते. या वयात, तिचं बोट धरून ऑफिसला जातो मी. कुत्रं उठतं, बूट चालतात, दार उघडतं. तिचा पाय म्हणाल तर झकास सुधारला. इतका की काल डॉक्टर म्हणाले, आजी, आता जिन्याची गरज नाही. आई घरी येऊन मला म्हणते, "उद्यापासून तुझा तू जा." मी अक्षरशः हात जोडले. म्हटलं, आई, असं करू नकोस, मला तेवढं खाली सोडत जा गं...

तर ती पांघरूण ओढून घेत म्हणाली, "बघू. जाग आली तर येईन. सक्ती काही नाही बरं."