एका सीटची वाटणी

थोरला – पत्र्याला कान लावू नका हो, गंजलाय तो. पलीकडे कुणी माणूस नाही, माझा धाकटा भाऊ आहे.

धाकटा – त्यांना सांगा, इकडे सगळं ऐकू येतं.

पाहुणा – काका, मी जुन्या रेसच्या गाड्यांचा माग काढत गावोगाव फिरलो. तुमच्या वडिलांच्या लाल गाडीची जोडी कुठे नाही. आणि तुम्ही तिची चक्क वाटणी केलीत?

थोरला – घराची झाली, भांड्यांची झाली, गॅरेजात मधोमध पत्रा ठोकला. मग गाडीनंच काय घोडं मारलं होतं? इंजिन मला, सांगाडा त्याला.

धाकटा – चाकं राहिली सांगायची!

पाहुणा – बाबांच्या त्या गाजलेल्या शर्यतीत शेवटच्या वळणावर एक चाक निखळलं होतं म्हणे?

थोरला – डावं.

धाकटा – त्यांना सांगा, उजवं. चाक माझ्याकडे आहे.

थोरला – कुठलंही असो, ते बाबांच्या आधी रेषा ओलांडून गेलं. काही दळभद्री लोक अजून पहिला नंबर चाकालाच देतात.

पाहुणा – हे काही मला छापता यायचं नाही. पण इंजिनावरचा आणि सांगाड्यावरचा नंबर मी पडताळलाय, जुळतो. गाडी अस्सल आहे, फक्त मध्ये पत्रा आहे. संग्रहालयवाले ती बाबांच्या नावानं ठेवतील. अट एकच, गाडी अखंड हवी आणि घरातल्याच कुणीतरी चालवत आणून द्यायची.

थोरला – इंजिन दिलं.

धाकटा – सांगाडाही दिला. नाव बाबांचं लागतंय.

पाहुणा – अहो, इतकं सोपं होतं?

थोरला – चालवणार अर्थात मी. थोरला आहे.

धाकटा – त्यांना सांगा, त्या सीटवर मी त्याला टेकू देणार नाही. बाबांच्या उशाशी मी बसलो होतो. हा उगवला तो थेट वाटणीला!

थोरला – त्याला विचारा, बाबा आजारी असल्याचं मला कळवलं कुणी?

पाहुणा – मग दोघंही बसा की!

थोरला – रेसची गाडी आहे ती, सोफा नव्हे. सीट एकच.

पाहुणा – तर मी चालवतो.

थोरला – खबरदार!

धाकटा – हात तर लावून बघा!

थोरला – बघा, बऱ्याच वर्षांनी आमचं एकमत झालं.

पाहुणा – मग मी लिहू तरी काय? ‘गाडी उरली नाही’ असं?

धाकटा – लिहा.

थोरला – लिहा, लिहा.

(पाहुणा निघून जातो.)

धाकटा – दादा.

थोरला – आता मधे कुणी नाही. कुणाला सांगू?

धाकटा – सकाळी आवाज येतो. इंजिन अजून एका फटक्यात लागतं वाटतं.

थोरला – रोज लावतो. जात कुठे नाही, एवढंच.

धाकटा – मी तेव्हा सीटवर जाऊन बसतो.

थोरला – माहीत आहे. तुझं दार करकरतं.

धाकटा – उद्या लावशील ना?

थोरला – कशाला? गाडी उरली नाही. आत्ताच लिहायला सांगितलं ना आपण.