ड्रममधली कवळी

दातांच्या दवाखान्यात शिंप्याची दाढ ठणकत होती, तरी कान शेजारच्या दोन बायकांकडेच होते.

“काय सांगू वहिनी, यांची कवळी खताच्या ड्रममध्ये गेली. टेबलावरची सालं गोळा करताना यांनीच टाकली.”

“अगंबाई! मग उपसायचा की ड्रम!”

“हात लावू देतील तर शपथ! म्हणाले, आत्ता कुठे खतानं ऊब धरलीय, झाकण उघडायचं नाही.”

“मग खातात काय?”

“मऊ भात. दोन्ही वेळा.”

“बिचारे! बरं झालं, नवी कवळी करायचं सुचलं तरी.”

“स्वतःच्या पोटासाठी सुचतंय कसलं! मऊ भाताला सालं निघत नाहीत ना. माझ्या एकटीच्या भाजीवर ड्रमचं पोट भरेना!”