तिसऱ्या अल्बमची गायिका घरी न आल्याबाबत

मी, वय ६८ वर्षे, धंदा ॲम्प्लिफायर व स्पीकर दुरुस्ती, शिक्षण शाळेचे अर्धवट, बाकी हाताने शिकलेले, राहणार दुकानामागची खोली. कागदावरचे नाव वर लिहून घेतलेच आहे. पण गल्लीत त्या नावाने विचारल्यास कोणी पत्ता सांगणार नाही, मामा म्हणून विचारावे. पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून सांगतो की,

दुकानाच्या माळ्यावर माझी भाची राहते. वय ३१. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण हयात नाही. लहानपणी घर डोक्यावर घ्यायची म्हणून तिला मी टिटवी म्हणतो. ती स्वतः गाणी लिहिते, गाते आणि गिटार वाजवते. जोडीला एक ड्रमवाला आहे. त्यांच्यामागे कोणतीही कंपनी नाही. माळ्याच्या भिंतींना गाद्या लावून ते तिथेच रेकॉर्डिंग करतात. ही गाणी मला समजतात असे नाही. परंतु ती गायला लागली की मी हातातले काम खाली ठेवतो.

तीन वर्षांपूर्वी, दुसऱ्या अल्बमच्या वेळी, ती मैत्रिणीकडे जाऊन लपली होती आणि ड्रमवाल्याने ‘गायिका हरवली’ असे जाहीर केले होते. तो जाहिरातीचा प्रकार होता. मला सांगितलेले नव्हते. मी तेव्हा याच ठाण्यात आलो होतो. दुकानात काउंटरमागे बसून रडलो, ते ड्रमवाल्याने मोबाइलवर टिपले आणि गाण्याच्या व्हिडिओत घातले. टिटवी परत आल्यावर मी तिला चांगली फैलावर घेतली. ती म्हणाली, “मामा, तुला सांगून काय उपयोग होता? तुझ्या पोटात कधी काही राहिलंय का?” मग मलाही हसू आले. तेव्हापासून दुकानात येणारी मुलेमुली मला ‘रडणारे मामा’ म्हणून ओळखतात व शेजारी उभी राहून फोटो काढतात.

तिसरा अल्बम गेल्या महिन्यात एका शुक्रवारी निघाला. अशा कंपनीशिवाय गाणी काढणाऱ्या लोकांच्या नव्या गाण्यांच्या बातम्या देणारी एक वेबसाइट आहे, तिच्या शब्दाला त्यांच्यात वजन आहे. तिथे ‘या आठवड्यातले नवे’ यात एक ओळ आली आणि फोटो दुसऱ्याच गायिकेचा लागला. टिटवीने मला दाखवले. “बघ मामा, बातमीत येईपर्यंत किती सुंदर झाले मी!” पुढच्या शुक्रवारी दुसऱ्यांची नवी गाणी आली, ती ओळ खाली गेली. त्यानंतर तिने फोन हातात घेणे सोडले. ताट वर नेले की, “ठेव, खाते,” म्हणायची. ताट होते तसे खाली यायचे.

मागच्या सोमवारी सकाळी ती जिना उतरून खाली आली. अंगात राखाडी स्वेटर, पायात घरातल्या चपला. मी एका स्पीकरचा फाटलेला कागदी कोन चिकटवत होतो. “कुठे निघालीस?” असे विचारले. “जरा पाय मोकळे करून येते.” जाताना तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. मी मान वर केली नाही, गोंद ओला होता. त्यानंतर ती घरी आलेली नाही.

दुपारी वर जाऊन पाहिले. फोन चार्जिंगला लावलेला होता. गिटार पेटीत होती व तिच्या सगळ्या तारा सैल केलेल्या होत्या. यात विशेष काय, असे साहेबांनी विचारले. वाद्य बराच काळ वाजवायचे नसेल तर त्याच्या मानेवर, म्हणजे लांब दांडीवर, ताण राहू नये म्हणून तारा उतरवतात. मागच्या वेळी लपायला जाताना ती गिटार बरोबर घेऊन गेली होती. एरवी तापाने फणफणली तरी तिने तारा उतरवल्या नव्हत्या.

मैत्रिणीकडे विचारले, ती तिथे नाही. ड्रमवाल्याला फोन केला. तो म्हणाला, “वा मामा! या वेळी अगदी तयारीत आहात!”

मी म्हणालो, “अरे गाढवा, तारा उतरवून गेलीय ती.”

“हे तारांचं भारी आहे. हेच सांगा सगळ्यांना.”

तारांची गोष्ट त्याच संध्याकाळी त्या वेबसाइटवर आली. सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत, ‘गायिका पुन्हा गायब’. या वेळी फोटो तिचाच होता. अल्बम आता पुष्कळ लोक ऐकत आहेत असे समजते.

चार दिवसांनी ड्रमवाला दुकानाच्या पायरीवर येऊन बसला. “मामा, खरंच तुम्हाला काही सांगून गेली नाही?” मी विचारले, “तुला?” त्याने तिथेच बसून मोबाइल काढला. मग त्याने स्वतः लिहून टाकले की हे खरे आहे, कृपा करून शोधा. त्याखाली लोकांनी टाळ्यांची चित्रे टाकली.

तिचा फोटो, उंची व स्वेटरचा रंग देऊन मी पत्रके छापली व गल्लीतल्या भिंतीवर चिकटवली. दुसऱ्या दिवशी भिंतीवर एकही नव्हते. एक मुलगी त्यातलेच एक पत्रक घेऊन दुकानात आली. “मामा, यावर सही द्याल?” मी तिला विचारले, “बाळा, ही तुला कुठे दिसली का?” ती म्हणाली, “किती खरं वाटतं हो तुम्ही बोलता तेव्हा!” मी सही दिली नाही. पत्रक परत मागितले, ते तिने दिले नाही.

एवढे शांतपणे कसे सांगता, असे साहेबांनी विचारले. मागच्या वेळचे रडणे सर्वांनी पाहिलेले आहे. या वेळी मी कोणासमोर रडलेलो नाही.

दवाखाने मी पाहून आलो आहे. नदीचा काठ पाहिलेला नाही. तिकडे माझा पाय उचलला नाही. तो ठाण्याने पाहावा, एवढीच विनंती आहे.

वर लिहिलेले मला मोठ्याने वाचून दाखवले. मी बोललो तसेच उतरले आहे, काही कमीजास्त नाही. मागितल्यास प्रत मिळते, असे हवालदारांनी सांगितले. मी ती घेतलेली नाही. दुकानात ठेवली तर कोणीतरी आवडीने घेऊन जाईल.