नर्मदेच्या पाण्याच्या बाटल्या

साकेत नगरच्या दवाखान्यात डोळे तपासायला आलेल्या प्रमिलाताईंच्या कानावर आजूबाजूच्या हिंदीतून मागच्या बाकावरचं मराठी पडलं, आणि हातातलं मासिक त्यांनी मिटलं.

“रसिका, नर्मदेच्या पाण्याच्या बाटल्या कुठे आहेत?”

“गाडीत, बाबा. बर्फात.”

“टिकतील?”

“दुपारच्या आत लॅबमध्ये पोचल्या तर. नाहीतर आजची सगळी मेहनत फुकट.”

“मैयाच्या पाण्यातले जंतू कशाला गं मोजायचे?”

“सगळे जंतू वाईट नसतात, बाबा. मधल्या धारेत ते थोडेच असतात. काठच्या गाळात, शेवाळाच्या डबक्यात मात्र कितीतरी पट. कुजलेल्या पानांवर ते वाढतात, त्यांच्यावर बारीक किडे, किड्यांवर मासे. नदीचं स्वयंपाकघर नक्की कुठे आहे, तेच तर तीन वर्षं शोधतेय मी.”

“मग ऊठ. स्वयंपाक नासेल.”

“आणि तुमचं नाव पुकारलं तर? एवढ्या गोंगाटात तुम्हाला ऐकू येत नाही.”

प्रमिलाताई मागे वळल्या.

“मला येतं ऐकू. मी नेईन यांना आत. पूर्ण नाव काय?”

रसिका घुटमळली.

“मधुसूदन देवपुजारी,” बाबाच मोठ्याने म्हणाले. “जा आता तू.”